आधी होडी, मग आमिष, शेवटी रॉड: बाससाठी स्वतःचा रॉड बांधताना

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या घराजवळच्या तळ्यात गळाला लागण्यासारखा दमदार मासा कोणता, तर बहुतेक राज्यांत उत्तर एकच: लार्जमाउथ बास. हिरवट अंगावर आडवा काळा पट्टा, डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा आणि पाणवेलींच्या आडोशाला दबा धरून बसण्याची सवय. या माशासाठी दुकानात भिंत भरून रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या, मांडलेले असतात. नवशिका तिथूनच सुरुवात करतो. आधी रॉड घेतो, मग आमिषं जमवतो, आणि दोन-तीन वर्षांनी लहान होडी घेतो.

माझं ठाम मत असं, की क्रम उलटा हवा. दुकानातला बासचा रॉड साधारणपणे वीस फुटी बास बोटीच्या सपाट डेकवर उभं राहून फेकणाऱ्याच्या सोयीने बनवलेला असतो. तुम्ही मात्र बारा फुटी होडीत फळीवर बसलेले असता. अंगात जाड लाइफ जॅकेट, पायाशी बॅटरी, कोपराला होडीची कड. अशा वेळी रॉडची मागची लांब मूठ जॅकेटात अडकते, मनगट वाकडं होतं आणि टोक पाण्यावर आपटतं. म्हणून आधी होडी ठरवा, त्या होडीतून कोणती आमिषं टाकणार ते ठरवा, आणि मग त्या दोन्हींच्या मापाने रॉड स्वतः बांधा. रॉड बांधायला कारखाना लागत नाही. एक टेबल, थोडी हत्यारं आणि धीर पुरतो.

होडी

सुरुवातीला अॅल्युमिनियमची सपाट बुडाची जॉन बोट घ्यावी. तिच्या नावातच माप असतं. १४३६ म्हणजे लांबी १४ फूट आणि तळाची रुंदी ३६ इंच, १४४८ म्हणजे तळ ४८ इंच. लांबीपेक्षा रुंदीवर पैसे खर्च करा, कारण बसल्या जागी डुगडुगणं रुंदीमुळे कमी होतं. मोटर लावायच्या, २० फुटांपेक्षा लहान नव्या होडीवर किती माणसं आणि किती वजन चालेल हे सांगणारी पट्टी असते. ती वाचा आणि तो आकडा शेवटचा माना. जुन्या होडीवरची पट्टी निघून गेली असेल, तर फुटांतली लांबी गुणिले फुटांतली रुंदी भागिले १५, एवढी माणसं, हा ढोबळ हिशेब आहे. शांत हवेतला, हे विसरू नका.

आत फळ्या टाकून डेक करायची हौस सगळ्यांनाच येते. हौस करा, पण दोन गोष्टी पाळा. डेक उंच नेऊ नका. लहान होडीत वजन जितकं वर जाईल तितकी ती अचानक कलंडते. आणि किडीपासून वाचवण्यासाठी तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड होडीत वापरू नका. ओलावा मिळाला की ते तांबं अॅल्युमिनियमला खातं, आणि बुडाला बारीक भोकं पडतात. साधं बाहेरच्या वापराचं प्लायवूड घ्या, सगळ्या कडा धरून इपॉक्सीने बंद करा, वर पातळ गालिचा किंवा फोम चिकटवा. उघड्या पत्र्यावर पक्कड पडली तर तो आवाज पाण्यात दूरवर जातो, आणि उथळ पाण्यातला बास तेवढ्याने सावध होतो.

मोटर विजेचीच घ्या. न्यू जर्सीतल्या असनपिंक, मर्सर, मॅनास्क्वान अशा कित्येक तळ्यांत पेट्रोलचं इंजिन चालतच नाही. मात्र विजेची मोटर लावली तरी तिथे होडीची नोंदणी लागते. इतर राज्यांत आपापला नियम पाहावा. मोटर किती जोराची, याचा हिशेब सोपा आहे: माणसं-सामानासकट दर १०० पौंड वजनामागे किमान २ पौंड थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर. होडी २०० पौंड, दोन माणसं ३४०, बाकी सामान १००, म्हणजे ६४० पौंड. हिशेबाने १३ पौंड थ्रस्ट पुरे. पण वारा हा हिशेब मानत नाही, म्हणून ४० ते ५५ घ्यावी. ५५ पर्यंत १२ व्होल्टची एकच बॅटरी चालते.

५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. म्हणजे १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पूर्ण वेगात जेमतेम दोन तास टिकेल, अर्ध्या वेगात त्याच्या कितीतरी पट. शिशाची बॅटरी स्वस्त असते, पण तिचं वजन जवळजवळ दुप्पट, आणि आयुष्य टिकवायचं तर निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये. लहान होडीत वजनाची किंमत फार असते. शक्य असेल तर लिथियमच घ्या, आणि चार्जर लिथियमला चालणाराच वापरा. बॅटरीच्या धन टोकाजवळच, काही इंचांत, ६० अँपिअरचा ब्रेकर बसवा. तार ६ गेजची घ्या, बॅटरी झाकणाच्या पेटीत पट्ट्याने आवळून ठेवा. मोटर मागे आणि तुम्हीही मागे बसणार असाल, तर बॅटरी पुढच्या भागात हलवा, नाहीतर नाक वर उचलून होडी वाऱ्यावर गरगरते.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नव्हे. एप्रिलमध्ये ऊन छान पडतं आणि पाणी मात्र बर्फाच्या आठवणीतून बाहेर आलेलं नसतं. गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वासावर ताबा नसतो, साधारण दहा मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात, तासाभरात शुद्ध हरपू लागते. दहा मिनिटांनंतर बाकाखालचं जॅकेट घालायला हात उरत नाहीत. तेरा वर्षांखालच्या मुलांनी होडी चालू असताना ते घातलेलं असणं हा केंद्राचाही नियम आहे. राज्याचा वेगळा नियम असेल तिथे तो पाळायचा. पुढेमागे पेट्रोलचं इंजिन घेतलंत, तर १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या होडीत ३ अश्वशक्ती आणि त्यावरच्या इंजिनासाठी, होडी वेगात असताना, इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली लागते. नांगर टाकायचा तो नाकाकडून. मागच्या बाजूने नांगर टाकला आणि लाट आली, की पाणी थेट आत. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की किनाऱ्याला लागा. हातातला ग्रॅफाइटचा रॉड वीज वाहून नेतो.

आमिष आणि दोरी

इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण बासच्या आमिषांना अंत नाही आणि सुरुवातीला तीन पुरतात. पहिलं, पाच इंची मऊ प्लास्टिकचा गांडूळ, वजनाशिवाय, मधोमध गळ टोचून. हे हळूहळू बुडत जातं आणि दोन्ही टोकं थरथरतात. दुसरं, टेक्सास रिग: दोरीत ओवलेलं गोळीच्या आकाराचं पाव औंसापर्यंतचं वजन, ३/० मापाचा वाकड्या मानेचा गळ, आणि गळाचं टोक परत प्लास्टिकात लपवलेलं, म्हणजे पाणवेलीत अडकत नाही. तिसरं, पाव ते तीन अष्टमांश औंसाचं स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या चकचकीत पात्याचं आमिष, पाणी गढूळ आणि वारा असेल तेव्हासाठी. वजन टंगस्टनचं घेतलं तर उत्तम. न्यू हॅम्पशायर, मेनसारख्या राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे, कारण ती गिळून लून पक्षी मरतात.

दोरी म्हणून रीलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चरखीवर, १५ पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे सहा-सात फूट ८ ते १० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळा तुकडा. तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, वापरायची सवय असलेल्यांना विणलेली दोरी सुरुवातीला फार मऊ वाटते. ताणत नसल्यामुळे माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं, म्हणून ती हवी. गळाला पालोमार गाठ मारा आणि आवळण्यापूर्वी ती ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.

या तिन्ही आमिषांचं वजन साधारण एक अष्टमांश ते अर्ध्या औंसात बसतं. झालं, रॉडचं माप निघालं.

ब्लँक आणि मूठ

वरच्या कामासाठी ६ फूट १० इंच ते ७ फुटांचा, मीडियम ताकदीचा, फास्ट अॅक्शनचा ग्रॅफाइट ब्लँक, म्हणजे मूठ आणि कड्या न लावलेली नुसती काठी, घ्या. त्यावर आमिषाचं वजन एक अष्टमांश ते अर्धा औंस लिहिलेलं असावं. ताकद म्हणजे रॉड एकूण किती जोर पेलतो, आणि अॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट म्हणजे मुख्यतः टोकाकडून. भारतात सुट्टीला जाताना सोबत न्यायचा विचार असेल, तर दोन तुकड्यांचा ब्लँक घ्या.

रील स्पिनिंगचं, म्हणजे रॉडखाली लटकणारं, २५०० मापाचं. नव्याने बांधणाऱ्याने बेटकास्टर, म्हणजे रील वर बसणाऱ्या, रॉडपासून सुरुवात करू नये असं मी आग्रहाने सांगेन. स्पिनिंग रॉडमध्ये गाइड, म्हणजे दोरी जिच्यातून जाते ती कडी, खालच्या बाजूला असतात. जोर आला की रॉड आपोआप स्थिर राहतो. बेटकास्टरमध्ये गाइड वर असतात, आणि मासा ओढू लागला की रॉड हातात पिळवटायला पाहतो. यावरून ब्लँकच्या कण्याचा विषय निघतो. ब्लँक वाकवून फिरवला तर एका ठिकाणी तो ठक्कन उडी मारतो, तो कणा. पूर्वी गाइड कण्यावरच बसवा असं सांगत. पण पिळवटणं ठरतं ते गाइड वर आहेत की खाली यावरून, कण्यामुळे नव्हे. म्हणून ब्लँक डोळ्यासमोर धरून फिरवा, जिथून तो सर्वांत सरळ दिसतो ती बाजू शोधा, थोडासा बाक असेल तर तो वर-खाली येईल असा ठेवा आणि पेन्सिलने खूण करा.

आता मुठीचं माप, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. घरातल्या खुर्चीवर बसून माप घेऊ नका. लाइफ जॅकेट घाला, होडी ट्रेलरवर असेल तर तिच्यातच बसा, आणि ब्लँकला रील चिकटपट्टीने बांधा. रीलचा दांडा मधल्या दोन बोटांत धरून कोपर अंगाशी घ्या, मग फेकल्यासारखं करा. मागचं टोक जॅकेटाला न घासता हाताखालून निघालं पाहिजे. उभं राहून मासे धरणाऱ्याला मागे ११-१२ इंच आवडतात, कारण तो दोन्ही हातांनी फेकतो. बसलेल्याला बहुधा ८ ते ९ इंच पुरतात. उंची, हाताची लांबी, जॅकेटाची जाडी यांवर एखादा इंच इकडे-तिकडे होईल. तो इंचच विकत मिळत नाही, त्यासाठीच हा खटाटोप. डावखुऱ्या माणसाने, लहान मुलाने, बोटं आखडणाऱ्या ज्येष्ठाने तर हे नक्कीच करावं. मुलासाठी रॉडही छोटा, साडेपाच-सहा फुटी, करा.

माप पक्कं झालं की बुच किंवा ईव्हीए फोमची मूठ रीमरने, म्हणजे भोक मोठं करायच्या हत्याराने, आतून कोरत ब्लँकवर घट्ट बसेल अशी करा. थोडं कोरा, घालून बघा, परत कोरा. रील सीट, म्हणजे रील जिच्यात बसतं ती बैठक, १६ किंवा १७ मापाची, आतलं भोक ब्लँकपेक्षा मोठं असतं. ती पोकळी भरायला ब्लँकवर चिकटपट्टीचे दोन-तीन पट्टे गुंडाळतात. पट्ट्यांमध्ये मोकळी जागा सोडा आणि ती इपॉक्सी गोंदाने पूर्ण भरा. नुसत्या पट्ट्यांवर बसलेली सीट पाणी मुरून एक-दोन हंगामांत हलू लागते. गोंद सावकाश वाळणारा घ्या. पाच मिनिटांचा घेतलात तर सीट खुणेशी सरळ करेपर्यंत तो आवळलेला असेल. बाहेर आलेला गोंद लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसा.

गाइड

टोकाची कडी आधी, तीही गरम करून वितळणाऱ्या गोंदाने लावा, इपॉक्सीने नव्हे. ही कडी कधी ना कधी बदलावी लागतेच, आणि असा गोंद पुन्हा गरम केला की सुटतो.

जुना अंदाज असा, की जितके फूट तितके गाइड आणि वर एक. म्हणजे सात फुटी रॉडला आठ, टोक वेगळं. स्पिनिंग रीलमधून दोरी मोठ्या वेटोळ्यांत सुटते. पहिल्या दोन-तीन गाइडचं काम ती वेटोळी आवळून सरळ करणं. म्हणून पहिला मोठा आणि उंच, २५ किंवा २० मापाचा, मग १२ किंवा १०, मग ६ किंवा ५.५, आणि पुढचे सगळे त्याच लहान मापाचे. लीडरची गाठ लहान गाइडमधून अलगद जाते ना, हे विकत घेण्यापूर्वीच पाहा. वेटोळी पूर्ण आवळली जातात ती जागा काढायला एक हिशेब वापरतात: स्पूलचा, म्हणजे रीलमधल्या दोरीच्या रिळाचा, बाहेरचा व्यास गुणिले २७. स्पूल ४५ मिलिमीटरचा असेल तर स्पूलपासून साधारण १२१ सेंटिमीटरवर पहिला लहान गाइड. तिथून टोकापर्यंत अंतर हळूहळू कमी करत जा.

हिशेब फक्त सुरुवात करून देतो, खरी जागा वाकलेला रॉडच दाखवतो. सगळे गाइड चिकटपट्टीने तात्पुरते लावा, दोरी ओवा, तिचं टोक जमिनीवरच्या वजनाला बांधा आणि मूठ हळूहळू उचला. बाजूने कोणाला तरी फोटो काढायला सांगा. दोरी रॉडच्या वाकासोबत गेली पाहिजे. जिथे ती दोन गाइडच्या मध्ये वाकापासून दूर, सरळ ताणलेली दिसते, तिथे गाइड अर्धा-अर्धा इंच सरकवा. मूठ आणि टोक यांच्यात काटकोनापेक्षा जास्त वाक आणू नका. रॉड मोडतात ते बहुतेक असेच, टोकावर सगळा भार आल्याने, आणि होडीच्या अगदी कडेला आलेला मासा मूठ आकाशाकडे करून उचलणाऱ्यांचेही असेच मोडतात. यानंतर मैदानात गळाशिवाय वजन बांधून फेकून पाहा. दोरी पहिल्या गाइडवर फटके मारत असेल, तर तो थोडा पुढे-मागे करा.

धागा आणि लेप

गाइडच्या पायाची टोकं कानशीने पातळ उतरती करा, म्हणजे धागा पायरी न पडता वर चढतो. पायाच्या खालची धार बोटाला लागत असेल तर तीही घासा. ती धार ब्लँकला चरा पाडते, आणि ग्रॅफाइटचा चरा आज नाही तर पुढच्या मोठ्या माशाला मोडतो. धागा ए मापाचा, नायलॉनचा. ब्लँकवर सुरुवातीचं टोक पाच-सहा वेढ्यांखाली दाबा, मग गाइडच्या पायावर चढत जा. शेवटचे आठ-दहा वेढे उरले की धाग्याचा एक फासा त्यांच्याखाली ठेवा, धागा कापून त्या फाशातून ओवा आणि फासा ओढून घ्या. टोक आत दडतं. वेढ्यांत फट राहिली तर गुळगुळीत प्लास्टिकने चेपून सरकवा. ताण इतकाच, की गाइड अंगठ्याने किंचित हलवून सरळ रेषेत आणता यावा. सगळे धागे झाले की मागून डोळा लावून रांग पाहा, आणि उद्या सकाळी उजेडात पुन्हा पाहा.

धाग्यावरचा इपॉक्सीचा लेप हे शेवटचं काम, आणि घाई केली तर सगळी मेहनत इथे वाया जाते. त्या दिवशी डोक्याला खोबरेल तेल लावून त्याच हातांनी रॉडला शिवू नका. तेलाचा अंश असला की लेप तिथून फाकतो आणि गोल खड्डे पडतात. धागे उघडे असताना नायट्राइलचे हातमोजे घाला. इपॉक्सीची ॲलर्जी वारंवार स्पर्शाने जडते, म्हणूनही ते हवेत. दोन्ही भाग वेगवेगळ्या सिरिंजने अगदी सारखे मोजा, चार-पाच मिनिटं सावकाश ढवळा आणि लगेच अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरा. भांड्यात ठेवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतं. पसरल्यावर बुडबुडेही वर येऊन फुटतात. रॉड हळू फिरणाऱ्या मोटरवर ठेवून ब्रशने पातळ थर द्या. पाच मिनिटांनी फिरणं थांबवा. खालच्या बाजूला लोंबणारा जादा लेप ब्रशने टिपून परत फिरवा. उरलेल्या बुडबुड्यांखालून स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर नेली की ते जातात, पण ज्योत एका जागी थांबवू नका.

खोली २१ ते २४ अंश सेल्सिअस, धूळ नसलेली. पाच-सहा तास फिरत राहू द्या. दुसरा थर दुसऱ्या दिवशी. एकच जाड थर देऊन काम उरकायचा मोह होतो. तसा लेप नळीसारखा फुगीर दिसतो आणि टोक जड करतो. नंतर किमान चार-पाच दिवस रॉड वाकवू नका.

पाण्यावर

होडीत रॉड कधीही तळाशी मोकळे ठेवू नका. पाय पडतो, किंवा बॅटरीचा कोपरा लागतो. बाजूच्या कडेला नळीसारखे आडवे धारक बसवा, टोकाला विणलेली जाळीची पिशवी घाला. बाहेर ठेवायचे ते दोनच.

न्यू जर्सीत १६ ते ६९ वयाच्या सर्वांना परवाना लागतो. १५ एप्रिल ते १५ जूनच्या दरम्यान बास पकडला तर लगेच सोडायचा असतो, कारण नर त्या वेळी घरटं राखत असतो आणि तो हलला की ब्लूगिल मासे अंडी फस्त करतात. राज्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत तारखा पाहूनच निघा. मासा ओल्या हाताने धरा. मोठा असेल तर फक्त जबड्याला धरून आडवा करू नका, पोटाखाली दुसरा हात हवा. परत येताना होडीचं बूच काढा, ट्रेलरवरच्या वेली उपटून टाका आणि होडी पूर्ण वाळवा, म्हणजे एका तळ्याची कीड दुसऱ्यात जात नाही.

हाच रॉड घेऊन कोकणातल्या खाडीत जिताड्याच्या मागे जायचं असेल, तर बांधतानाच टायटॅनियमच्या चौकटीचे गाइड निवडा. साध्या स्टीलला खारं पाणी पटकन गंज आणतं. लीडरही जाड, ३० ते ४० पौंडांचा घ्या, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड बासच्या मानाने फार धारदार असते. दिवस संपला की रॉड, रील आणि सीटच्या आट्या गोड्या पाण्याने धुवा.

हंगाम संपल्यावर प्रत्येक गाइडच्या कडीतून कापसाचा बोळा फिरवा. एक जरी धागा अडकला तर आतल्या सिरॅमिकला तडा आहे. ती कडी विणलेली दोरी कापत असणार. लेप ब्लेडने पायाच्या वरून, ब्लँकपासून दूर राहून कापा, थोडं गरम करून सोलून काढा, आणि तेवढाच गाइड नव्याने बांधा.